बाकी फक्त फिनिशिंग

घर बांधणाऱ्या माणसाला कधीही विचारून बघा, "झालं का घर?" उत्तर ठरलेलं. "झालंच आहे हो, बाकी फक्त फिनिशिंग!" हे वाक्य मी चांगलं दीड वर्ष वापरलं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, आणि दर रविवारी बाबांसमोर.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून सातेक किलोमीटर आत, माझ्या आजोबांचं मातीच्या भिंतींचं घर होतं. मागे ऐन-किंजळाचं रान, पुढे काजू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं छप्पर नेलं आणि पुढच्या दोन पावसाळ्यांनी भिंती. आई गेल्यावर बाबांनी जाहीर केलं, त्याच जोत्यावर घर बांधायचं आणि तिथंच राहायचं. एकट्यानं. वय वर्षं ७२, एक गुडघा नावापुरता. शेजार म्हणजे दहा मिनिटांच्या उतारावरची वाडी.

परवानग्या, पाया, चिऱ्याच्या भिंती हे पुराण सोडून देते. बांधकाम तसं सोपं असतं, खरंच! पैसे ओतले की भिंती वर येतात. खरी मजा त्यानंतर.

माझ्या मोबाइलमध्ये 'जंगलातलं घर' नावाचा फोल्डर होता. जमिनीपासून छतापर्यंत काच, लाकडी डेक, झोपून चांदण्या बघायला छतात खिडकी. मी तो सुतारकाकांना मोठ्या हौसेनं दाखवला. त्यांनी एकेक फोटो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "ताई, ही घरं पावसाळ्यात कुठं ठेवतात?"

तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा, पाऊस वरून येत नाही. तो आडवा येतो, आणि छज्ज्याला खालून चिकटून चालत चालत खिडकीत शिरतो. त्यावर इलाज काय, तर छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, एक खाच. एवढंच! पाणी त्या खाचेपर्यंत येतं आणि मुकाट खाली पडतं. गवंडी मेस्त्रींनी ती खाच मारायला अर्धा दिवस घेतला. ती मारली नसती तर पुढची वीस वर्षं आम्ही खिडकीखालच्या भिंतीचे पापुद्रे मोजत बसलो असतो. पडवीच्या कोब्याला बाहेरच्या बाजूला ढाळ, चार फुटांना अर्धा इंच. डोळ्यांना दिसतही नाही, पाण्याला बरोबर कळतो.

पन्हळ मात्र लावली नाही. झाडाखालच्या घराला पन्हळ म्हणजे पानांचा डबा. ती तुंबणार, आणि शिडीवर चढणार कोण? तो गुडघा? त्यापेक्षा पागोळ्या पडतात तिथं दीड फूट रुंद चर खणून गोटे भरले. पाणी पडतं, चिखल उडत नाही, भिंत स्वच्छ राहते. छताला मंगलोरी कौलंच. कडेच्या दोन ओळी तारेनं बांधून घेतल्या, वादळानं एवढं तरी शिकवलं होतं. त्याच बनावटीची पन्नास कौलं मागच्या पडवीत रचून ठेवली, कारण वानर छपरावरून उड्या मारणार हे नक्की, आणि दुसऱ्या कारखान्याचं कौल याच्या खाचेत नीट बसेल याची खात्री नाही. चांदण्यांच्या खिडकीऐवजी काचेची दोन कौलं. त्यातून चांदण्या दिसत नाहीत, पण दुपारी स्वयंपाकघरात उन्हाचा एक चौकोन सरकत जातो. बाबांनी त्यावरून वेळ सांगायला सुरुवातही केली आहे.

लाकडाचं गणित वेगळंच. मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत फुगून अडकतं. सुतारकाकांनी खिशातून रुपयाची दोन नाणी काढली, एकावर एक धरली आणि दार-चौकटीच्या फटीत सगळीकडून फिरवली. नाणी जिथं अडली तिथं रंधा. शहरात याला फॉल्टी फिटिंग म्हटलं असतं! बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घेतले. महाग आहेत, पण खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचा तांबडा चुरा होतो. वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल. वाळवी त्याला भिते. मीही भिते, कारण हौसेनं ब्रश हातात घेतला आणि मनगटावर जो फोड आला तो सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळ्यांनी पाहिला.

आता भांडण. बाबांच्या गुडघ्यासाठी मला उंबरठाच नको होता. सपाट, गुळगुळीत, ठेच लागायला जागाच नाही. सुतारकाका म्हणाले, "आणि फुरसं आलं तर?" कोकणात फुरसं ही काही गोष्टीतली भीती नाही, ते चपलेशेजारी सापडतं. बाबांचं मत आणखी निराळं. "उंबरठ्याशिवाय घर म्हणजे गोडाऊन." तीन शनिवार या एका लाकडावर गेले. शेवटी इंचभराचा उंबरठा, दोन्ही कडा गोल करून, वर वेगळा फिकट रंग म्हणजे अंधुक उजेडातही दिसावा, आणि दाराच्या तळाला रबराची पट्टी. भिंत आणि कौलं यांच्यामधली फट बुजवली नाही, हवा तिथूनच खेळते. तिला स्टीलची जाळी ठोकली.

दिवे सगळे पिवळे, खाली तोंड केलेले. पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, किड्यांमागे बेडूक, बेडकांमागे कोण ते सांगायला नको. म्हणून अंगणातला मोठा दिवा दारावर न लावता पंधरा पावलं लांब, खांबावर. सगळी वरात तिकडे जमते.

आणि न्हाणीघराची कडी. हे मला कोणत्याही फोल्डरमध्ये सापडलं नसतं. म्हाताऱ्या माणसाच्या न्हाणीघराचं दार बाहेर उघडायला हवं. आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल, तर पडलेल्या माणसानंच ते अडतं. कडीही अशी हवी की वेळ आली तर बाहेरून फिरवता येईल. खेडच्या हार्डवेअरच्या दुकानात मी ते सांगत होते. दुकानदारानं चार कड्या पुढे केल्या आणि सहज विचारलं, "बाहेरून कशाला उघडायचीय?" मी म्हटलं, "वडील एकटे राहणार आहेत." दीड वर्षात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. कडी न घेताच बाहेर आले आणि गाडीत बसून राहिले.

त्या रात्री पुण्यात परतल्यावर फ्रिजवरची यादी पाहिली. फिनिशिंगची यादी, एक्केचाळीस कलमं. एक खोडलं की खाली दोन वाढत होती. पायरीच्या कडप्प्याची पॉलिश, मागच्या कुंपणाचा रंग, खुंट्यांची उंची. नवरा मागे उभा होता. म्हणाला, "तुला घर पूर्ण करायचंय की बाबांना थांबवायचंय?" मी म्हटलं, कुंपणाचा रंग खरंच दोन हात लागतो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्या दुकानात फोन केला.

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात बाबा राहायला गेले. यादीतली नऊ कलमं शिल्लक होती. लाल कोब्यावर एका कोपऱ्यात मांजराची चार पावलं उमटली आहेत, ओला असताना कुणीतरी फेरफटका मारलेला. मी ते घासून काढायला सांगणार होते. बाबांनी त्यावर पाट ठेवला आणि बसले.

मोबाइलला रेंज फक्त पडवीच्या डाव्या खांबापाशी येते. तिथं एक खुर्ची कायमची ठेवली आहे, हे बत्तिसावं कलम. न्हाणीघराची कडी कशी फिरवायची ते वाडीतल्या वहिनींना दाखवून ठेवलं आहे.

जुलैच्या मध्यावर, सलग सहा दिवस पाऊस कोसळत असताना, सकाळी फोन आला. आवाज निम्मा पावसातच. मी घाबरून विचारलं, काय झालं?

"काही नाही गं. दाराला नाणी लावून बघितली," बाबा म्हणाले. "एक जातंय. दुसरं जरा घासतंय."