इंजिन गेलं कुठे?

पुण्याहून मिरज-कोल्हापूरकडे रेल्वेने गेला असाल, तर डब्ल्यूडीएम-2 तुमच्या ओळखीचं आहे, नाव माहीत नसलं तरी. काळा धूर ओकत निघणारं तेच ते डिझेल इंजिन. डिझाइन न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचं. 1962 मध्ये पहिली इंजिनं भारतात आली, 1964 पासून वाराणसीत बनू लागली. 1969 मध्ये अल्कोचा कारखाना बंद पडला, वाराणसीतलं काम मात्र पुढे अनेक वर्षं चाललं.

त्यांचं पुढे काय झालं, असं विचारलं की लोक संग्रहालयाकडे बोट दाखवतात. पण अडीच हजारांहून अधिक इंजिनांची कथा दोन-चार वाचलेल्यांवरून सांगणं म्हणजे शंभरी गाठलेल्या आजोबांना विचारून अख्ख्या गावाचं आयुर्मान ठरवणं. संख्याशास्त्रात याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात.

खरी गंमत बाकीच्यांत आहे. काहींची पुनर्बांधणी झाली, 2600 अश्वशक्तीची 3100 झाली, वर्ग बदलून डब्ल्यूडीएम-3ए झाला, नंबरामागे ‘आर’ लागला. बोगी, ट्रॅक्शन मोटर, खुद्द डिझेल यंत्र यांची दुरुस्तीत अदलाबदल होते ती वेगळीच. मग ‘तेच’ इंजिन म्हणजे नक्की कोणतं? (मराठीने गोंधळात भर घातली आहे: गाडी ओढतं तेही इंजिन आणि त्याच्या पोटात असतं तेही इंजिनच!) 2018 मध्ये तर वाराणसीत मालगाडीच्या दोन डब्ल्यूडीजी-3ए इंजिनांचं डिझेल यंत्र काढून 10,000 अश्वशक्तीची, विजेवर चालणारी जोडी तयार केली. ती डिझेल इंजिनं मेली की जगली?

माझ्या मते सांगाडा हा धागा धरावा आणि आतल्या मोठ्या भागांचे नंबर स्वतंत्र नोंदवावेत. प्रयोगशाळेत आपण नमुन्यांचा माग असाच ठेवतो. त्यामुळे फलाटावर वही घेऊन नंबर टिपणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. तारीख, नंबर, शेड, वर्षानुवर्षं: वैद्यकात याच पद्धतीला ‘कोहॉर्ट स्टडी’ म्हणून मान मिळतो. किती वर्षांनी कोणता भाग थकतो, पुनर्बांधणी कधीपर्यंत परवडते, हे अशाच नोंदींतून कळतं. विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिनं आता झपाट्याने भंगारात जात आहेत. निदान नंबर आणि मोडीत काढल्याची तारीख रेल्वेने एका ठिकाणी जाहीर करावी, त्याला खर्च तो किती?

तोवर एक काम तुम्हीही करू शकता. घरच्या जुन्या अल्बममध्ये इंजिनासमोर उभं राहून काढलेला फोटो असेल, तर मागे पाच आकडी नंबर वाचता येतो का बघा. आला, तर स्टेशन आणि वर्ष फोटोच्या पाठीवर आजच लिहा. आई-बाबांना विचारून घ्या, त्यांना आठवत असेल.