युद्धाच्या बातम्या आणि तुमचे सोयाबीन: माल कधी विकावा?

पारावर असो वा चहाच्या टपरीवर, जगाच्या राजकारणावर चर्चा रोजच होते. त्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एक, ‘युद्ध लागले की भाव वाढतो, माल धरून ठेवा.’ दुसरे, ‘चीन-अमेरिकेचे बिनसले, आता चीन आपले सोयाबीन घेईल.’ घरात माल असेल तर अशा मतांवर वर्षाची कमाई अवलंबून राहते. म्हणून ती तपासून पाहू.

मत १: युद्धाने भाव वाढतो

हे अर्धेच खरे आहे. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल तेलाची आवक अडली. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. त्या काळात राज्यात सोयाबीन क्विंटलला ७,००० रुपयांच्या पुढे गेले होते.

पण इंडोनेशियाने महिनाभराच्या आतच निर्यात खुली केली. मे महिन्यात केंद्र सरकारने वर्षाला २० लाख टन सोयातेल आणि २० लाख टन सूर्यफूल तेल शुल्काविना आणण्यास परवानगी दिली. खरिपाचा नवा माल बाजारात आला तेव्हा भाव ५,००० रुपयांच्या आसपास होता. युद्ध मात्र सुरूच होते.

मत २: चीन आपला माल घेईल

चीन वर्षाला सुमारे १० कोटी टन सोयाबीन आयात करतो. आपले एकूण उत्पादनच सव्वा कोटी टनांच्या आसपास आहे. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावले, तेव्हा त्याने खरेदी ब्राझीलकडे वळवली. अमेरिकेत माल पडून राहिला आणि तिथले भाव उतरले. जगात माल स्वस्त झाला की आपल्या पेंडीची निर्यात अवघड होते.

मग लक्ष कशावर ठेवावे?

१) आयात शुल्क: कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये ५.५ वरून २७.५ टक्के झाले, मे २०२५ अखेर १६.५ टक्क्यांवर आले. बातमी परदेशातली असली तरी निर्णय दिल्लीत होतो.

२) पेंडीचा भाव: सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्केच असते, बाकी बहुतांश पेंड. म्हणूनच २०२४ मध्ये शुल्क वाढूनही बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले.

तुम्ही काय करावे?

• सगळा माल एकदम विकू नका, सगळा धरूनही ठेवू नका. दोन-तीन टप्प्यांत विका.
• पैशांची नड असेल तर शेतमाल तारण योजनेची चौकशी बाजार समितीत करा. सोयाबीनवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.
• हमीभाव केंद्रावर वेळेत नोंदणी करा. माल वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा.
• साठवणुकीत होणारी घट आणि कर्जाचे व्याज हिशोबात धरा. भाव २०० रुपयांनी वाढला आणि खर्च २५० झाला, तर थांबून तोटाच होतो.

जगाच्या राजकारणावर मत जरूर मांडा, पण माल विकण्याचा निर्णय शुल्क, पेंड आणि स्वतःचा हिशोब पाहूनच घ्या.