फॉर्च्युनरच्या पैशात पोर्शे? सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना आधी काय बघायचं

मोबाईलवर रील येते. लाल गाडी, मागे ढिंच्याक म्युझिक आणि खाली ओळ, 'नव्या फॉर्च्युनरच्या पैशात पोर्शे'. गाडी उभी असते दिल्लीत नाहीतर बंगळुरूत. बघणारा असतो, समजा, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, आसगावला. कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न येतो, आपल्या गावच्या स्पीडब्रेकरवरून ही जाईल का?

प्रश्न रास्त आहे, त्याकडे येऊच. पण गेल्या दोन-तीन वर्षांत अशा गाड्या ज्या कारणांनी बातम्यांत आल्या ती बघितली, तर मालकांना घाम फुटलाय तो बहुतेक वेळा कागदांमुळे.

१,७५८ रुपयांची गोष्ट

१९ मे २०२४ ची पहाट. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकननं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्या प्रकरणात पुढे काय काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहिती आहे. एक गोष्ट मात्र मागे राहिली. त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. बंगळुरूच्या डीलरनं ती आयात केली, कर्नाटकच्या तात्पुरत्या नोंदणीवर पुण्यात आणली गेली, आरटीओत तपासणीही झाली. फी तेवढी भरायची राहिली. किती? १,७५८ रुपये. त्यात १,५०० कर्जाच्या बोज्याच्या नोंदीचे, २०० स्मार्ट कार्डचे आणि ५८ टपालाचे. इलेक्ट्रिक असल्यामुळे रोड टॅक्स माफच होता.

ती गाडी नवी होती, सेकंड हँड नव्हती. पण कोट्यवधींची गाडी रस्त्यावर पळतेय म्हणजे तिचे कागद पूर्ण असणारच, हा जो आपला समज असतो तो इथे निकालात निघाला.

नंबर एका राज्याचा, गाडी दुसऱ्या राज्यात

आता बंगळुरूकडे बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या परिवहन खात्यानं एका मोहिमेत ३० आलिशान गाड्या ताब्यात घेतल्या. फेरारी, पोर्शे, ॲस्टन मार्टिन, सगळे मानकरी होते. आरोप एकच, नोंदणी दुसऱ्या राज्यात, वापर कर्नाटकात आणि टॅक्स बुडवलेला. मग त्याच वर्षी जुलैत एक लाल फेरारी एसएफ९० सापडली. तिच्या मालकाला एका दमात सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये भरावे लागले. गाडीचा नंबर कुठला होता? आपला, महाराष्ट्राचा.

महाराष्ट्राचाच का? कारण आपल्याकडे एकरकमी टॅक्सला वरची मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. गाडी सात कोटींची असली तरी टॅक्स तिथेच थांबतो. कर्नाटकात तसं नाही. त्यामुळे श्रीमंतांना एमएच नंबर स्वस्त पडतो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं, की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते. म्हणून रीलमधल्या गाडीचा नंबर बघून थांबू नका. ती गेली काही वर्षं खरंच कुठे राहिली हे सर्व्हिसची बिलं, चलनं आणि फास्टॅगच्या नोंदी सांगतात. नंबर एका राज्याचा आणि सगळी बिलं दुसऱ्या राज्यातली असतील, तर गाडीसोबत जुनी थकबाकीही घरी येऊ शकते.

आसगावचा आपला माणूस कर्नाटक पासिंगची गाडी घेतो असं धरा. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मग २९ आणि ३०. मग भंडारा आरटीओत नोंदणी, एमएच ३६. आणि टॅक्स. थेट आयात झालेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात २० टक्के दर आहे, जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. आधीच्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी हेलपाटे आपल्यालाच घालावे लागतात. रीलमधल्या किमतीत यातलं काहीच धरलेलं नसतं.

सचिनची फेरारी आणि कस्टम्स

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं मराठी उदाहरण म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटनं ती भेट दिली, २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हातून. गाडी भारतात आली आणि १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्काचा वाद उभा राहिला. सरकारनं माफी दिली, त्यावर जनहित याचिका दिल्ली हायकोर्टात गेली, शेवटी शुल्क फियाटनं भरलं. २०११ मध्ये सचिननं ही गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्या व्यापाऱ्याला ती निवांत घेता आली, कारण शुल्काचं भांडण आधीच मिटलं होतं.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम्सनं केरळात 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं. भूतानमार्गे चोरून आणलेल्या आणि खोट्या कागदांवर इथे नोंदवलेल्या गाड्यांचा संशय होता. मल्याळी सिनेमातल्या मोठ्या नावांच्या घरी अधिकारी पोहोचले. त्या बहुतेक एसयूव्ही होत्या, पण नियम स्पोर्ट्स कारलाही तोच लागतो. शुल्क चुकवून आणलेली गाडी जप्त होऊ शकते, मग तुम्ही तिचे चौथे मालक का असेना.

म्हणून इम्पोर्टेड गाडीचं 'बिल ऑफ एन्ट्री' मागा. कस्टम्सकडे शुल्क भरल्याचा तो कागद असतो. त्यावरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः टॉर्च लावून जुळवा. परदेशात वापरलेली गाडी इथे आणली असेल तर आयातीच्या वेळी ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि उजव्या स्टीअरिंगची असावी, असा नियम आहे. डाव्या स्टीअरिंगची 'खास' गाडी कोणी दाखवली, तर फोटो काढा आणि घरी या.

नाव कोणाचं, बोजा कोणाचा

अशा गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात. समोर गोड बोलणारा माणूस मालक असेलच असं नाही. कंपनीच्या संचालक मंडळाचा विक्रीचा ठराव हवा. एमपरिवहन ॲपवर कर्जाचा बोजा, विमा, ब्लॅकलिस्टची नोंद दिसते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. डीलर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बघा. नोंदणीकृत डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, तो किमतीत धरलाय की वेगळा सांगणार, हे आधीच विचारा.

आणि नाव लगेच चढवा. 'दोन महिन्यांनी करू' हे वाक्य विकणाऱ्यालाच महागात पडतं. नोंदीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय.

आता गाडीकडे

'फक्त ८,००० किलोमीटर चाललीय' ऐकून लोक हरखतात. मला मात्र अशा गाडीची जास्त भीती वाटते. सचिनच्या त्या ३६० चंच घ्या. तिचा टायमिंग बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदलावा लागतो, गाडी चालो न चालो. बेल्ट तुटला तर आतल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते आणि इंजिनच जातं. उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबरी सील सुकतात. टायरवर नक्षी नवी दिसते, पण बाजूला चार आकडी तारीख असते. १४१८ म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. तेवढ्या जुन्या टायरवर समृद्धीला १२० नं जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर पिळलं याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ती वाचून घ्या. १९९७ ते २००८ मधल्या अनेक ९११ आणि बॉक्स्टरमध्ये आयएमएस नावाचं बेअरिंग दगा देतं, ते बदललंय का ते विचारा. फेरारी, लॅम्बोर्गिनीच्या जुन्या पॅडलवाल्या गिअरबॉक्समध्ये क्लच किती टक्के उरलाय हे मशीनवर कळतं. तपासणीचा खर्च स्वतः करा आणि जागा स्वतः निवडा. इंजिन तुमच्यासमोर थंड असतानाच सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

पाण्याची शंका तर घ्याच. गाडी बुटकी, त्यामुळे गुडघाभर पाणीही आत शिरतं. चेन्नई २०१५, बंगळुरू २०२२, पुराची वर्षं लक्षात ठेवा आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, गालिचा उचलल्यावर वास येतो का, ते बघा.

राहिला स्पीडब्रेकर. काही गाड्यांत बटण दाबलं की नाक वर उचललं जातं, त्याला नोज लिफ्ट म्हणतात. सौदा करताना ती दोन-चार वेळा चालवून बघा, कारण आसगाव ते पवनी, पवनी ते भंडारा ती रोजच लागणार आहे. आणि बिघडली तर विदर्भात ना फेरारीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, ना लॅम्बोर्गिनीचं. गाडी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवायची, नऊशेच्या आसपास किलोमीटर. त्या ट्रकचं भाडं आजच विचारून ठेवा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी.