थोरवीची खोटी तागडी

बास्केटबॉल या अमेरिकन खेळांतील सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद सांप्रत इतका माजला आहे कीं, पहांटे उठून तिकडील सामने पाहणारीं आमच्या सुशिक्षित घरांतील मुलेंही त्यांत हिरीरीनें भाग घेऊं लागलीं आहेत. वादास आमची हरकत नाहीं. रसिकांनीं वाद न घालावा तर घालावा कोणीं? आमची हरकत आहे ती ज्या तागडीनें ही तोलाई चालते त्या तागडीस. एका पारड्यांत आजच्या खेळाडूचे आंकडे टाकावयाचे, दुसऱ्यांत साठ वर्षांपूर्वीच्या खेळाडूचे, आणि कांटा आपल्या आवडत्या बाजूस झुकेना म्हणजे जुन्या पारड्यांतील माल बनावट होता असें म्हणून मोकळें व्हावयाचें, याला आम्ही तुलना म्हणत नाहीं.

२०२२ सालीं एका माजी खेळाडूनें दूरचित्रवाणीवरील चर्चेंत असा शेरा मारला कीं, बॉब कूझीच्या समोर खेळणारे लोक म्हणजे नळ दुरुस्त करणारे आणि आगीचे बंब हांकणारे होते. शेरा चुरचुरीत, तेव्हां तो तोंडोतोंडीं झाला यांत नवल नाहीं. कूझी हा बॉस्टन सेल्टिक्स संघाचा खेळाडू. १९५३ पासून १९६० पर्यंत सतत आठ हंगाम सहकाऱ्यांस गुण मिळवून देणारे पास सर्वांत अधिक त्याचेच. त्या काळचे पुष्कळ खेळाडू उन्हाळ्यांत पोटासाठीं दुसरीं कामें करीत, ही गोष्ट खरीच आहे. परंतु ती त्यांच्या खेळांतील उणीव कशी ठरते, हें आम्हांस समजत नाहीं. खेळावर संसार चालत नसे म्हणून ते काम करीत. आणि तो चालावा म्हणून १९५४ सालीं खेळाडूंची संघटना उभारण्यास जो पुढें झाला तो हाच कूझी. पुढें १९६४ च्या जानेवारींत बॉस्टन येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना व्हावयाचा होता. प्रेक्षक येऊन बसले होते, चित्रण करणारीं यंत्रें सज्ज होतीं, आणि रसेल, चेंबरलेन, वेस्ट, बेलर, रॉबर्टसन असे सारे अग्रणी कपड्यांच्या खोलींत बसून, निवृत्तिवेतनाचें वचन मिळाल्यावांचून आम्ही बाहेर येत नाहीं, असें मालकांस बजावीत होते. वचन मिळालें, मग सामना झाला. आज जो खेळाडू कोट्यवधि डॉलर घेतो, ज्याच्या संघाच्या दिमतीस वैद्य आणि स्वतंत्र विमान असतें, त्याच्या भाटांनीं त्या खोलींत बसलेल्यांच्या गरिबीचा दाखला देऊन त्यांची लायकी ठरवावी, याला कृतघ्नता यापलीकडे दुसरा शब्द आम्हांस सुचत नाहीं.

म्हणून उलट बाजूचे लोक आम्हांस मान्य आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. जुन्याचे हे पूजक उठल्यासुटल्या १९६१-६२ चा हंगाम पुढें करितात. त्या हंगामांत विल्ट चेंबरलेन याची सरासरी सामन्यास ५०.४ गुणांची, २ मार्च १९६२ रोजीं पेनसिल्व्हानियांतील हर्शी गांवीं त्यानें एकट्यानें शंभर गुण केले. ऑस्कर रॉबर्टसन याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ झेल आणि ११.४ पास अशी. आंकडे खरे आहेत. पण ते कोणत्या भूमीत उगवले हें पाहिलें पाहिजे. तेव्हां प्रत्येक संघ सामन्यागणिक सुमारें १०७ वेळां टोपलीकडे चेंडू फेंकी. २०१६-१७ च्या हंगामांत ही संख्या ८५ च्या आसपास होती. फेंक अधिक आणि नेमही कच्चा, तेव्हां चुकून उसळलेले चेंडूही विपुल. संघाच्या वांट्यास असे झेल तेव्हां सुमारें ७१ येत, आतां ४३-४४. २०१६-१७ मध्यें रसेल वेस्टब्रुक यानें रॉबर्टसनच्या पराक्रमाची पुनरावृत्ति केली. त्याचे सरासरी झेल दहांच्या थोडे वर होते. ते साडेबारांहून उणे म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं संघाच्या एकूण झेलांशीं ते ताडून पाहावे, म्हणजे वेस्टब्रुकचा वांटा अधिकच भरतो असें त्यांस दिसून येईल.

पण येथेंच थांबून ‘मग सारी सूजच होती’ असें म्हणणाराही फसतो. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. चेंबरलेन त्या हंगामांत सरासरी ४८.५ मिनिटें खेळला, कारण बरोबरी होऊन जादा वेळ द्यावा लागला तरी हा मैदानावरच. हें वेगाच्या कोणत्या हिशेबांत बसवावयाचें? एल्जिन बेलर त्याच हंगामांत लष्कराच्या राखीव दलाच्या नोकरीवर होता. रजा मिळे तेव्हां येऊन तो ४८ सामने खेळला आणि त्यांत त्यानें सरासरी ३८.३ गुण मिळविले. म्हटलें तर हाही नोकरदारच, बंब हांकणाऱ्यांच्या पंक्तींतला!

त्याच हंगामांतील आणखी एक गोष्ट आमच्या दृष्टीनें शंभर गुणांहून मोलाची आहे. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्या काळीं खुद्द खेळाडूंच्या मतांनीं ठरे. पन्नासाची सरासरी डोळ्यांसमोर असतां त्यांनीं मत दिलें तें बिल रसेल यास. वृत्तपत्रकारांनीं मात्र हंगामाचा आदर्श संघ निवडतांना मध्यस्थानीं चेंबरलेन यास बसविलें व रसेल यास दुसऱ्या संघांत टाकलें. लिहिणाऱ्यांस गुण दिसले. ज्यांचे चेंडू अडविले गेले होते त्यांस रसेल दिसला. (आम्हीही लेखणीवालेच, तरी या प्रकरणीं आमच्या जातभाईंची बाजू घेववत नाहीं.)

दुसरी एक साक्ष नियमांच्या पुस्तकांत पडलेली आहे, आणि ती कोणी वाचीत नाहीं. जॉर्ज मायकन टोपलीखालीं ठाण मांडून बसे व त्याला कोणी हलवूं शकत नसे, म्हणून १९५१ मध्यें टोपलीसमोरचा निषिद्ध पट्टा सहा फुटांचा बारा फूट करण्यांत आला. चेंबरलेन आल्यावर तोही अपुरा पडला. १९६४ मध्यें तो सोळा फूट झाला. करीम अब्दुल-जब्बार, म्हणजे त्या वेळचा लू अल्सिंडर, महाविद्यालयांत असतां १९६७ मध्यें महाविद्यालयीन खेळांतून टोपलींत वरून चेंडू ठोसणेंच बंद झालें, आणि ही बंदी १९७६ पर्यंत राहिली. ज्याला आंवरण्यासाठीं जमिनीवरच्या रेघा पुसून नव्या आंखाव्या लागतात त्याची उंची मोजण्यास गुणांचीं कोष्टकें कशाला हवींत?

आणि कोष्टकें तरी एका भाषेंत कोठें बोलतात? दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याची चाल या संघांत १९७९-८० पासून आली. १९८४ मध्यें सर्वाधिक गुणांचा विक्रम जब्बारनें आपल्याकडे घेतला, तो ३८,३८७ गुणांवर जाऊन थांबला. त्यांत तीन गुणांची फेंक सबंध आयुष्यांत एकच. ७ फेब्रुवारी २०२३ रोजीं लेब्रॉन जेम्स यानें तो विक्रम मोडला, त्याच्या अशा फेंकी दोन हजारांहून अधिक. स्टीफन करी यानें तर २०१५-१६ च्या एका हंगामांत ४०२ वेळां तीन गुणांचा नेम साधला. जेम्स लहान ठरावा म्हणून आम्ही हें सांगत नाहीं. वीस वर्षें शरीर इतकें ताब्यांत ठेवणें हाच एक चमत्कार आहे. रुपयांची आणि मोहोरांची बेरीज करणाऱ्यांस त्यांची चूक दाखवावी, एवढाच हेतु.

आतां अजिंक्यपदांचा युक्तिवाद. मायकेल जॉर्डन सहा वेळां अंतिम फेरींत गेला व सहाही वेळां जिंकला. जेम्स दहा वेळां गेला व चार वेळां जिंकला. म्हणून जॉर्डन थोर. जॉर्डन थोर होता यांत आम्हांस शंका नाहीं. दहा हंगामांत गुणांच्या सरासरींत तो पहिला होता. पण हें ‘म्हणून’ मोठें गमतीचें आहे. १९८५, १९८६ व १९८७ या तिन्ही वर्षीं जॉर्डनचा संघ पहिल्याच फेरींत गारद झाला. पहिल्या फेरींत हरणें निष्कलंक आणि शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन हरणें हा डाग, हा न्याय कोणत्या शास्त्रांत सांगितला आहे? बरें, अजिंक्यपदेंच मोजावयाचीं तर तेरा हंगामांत अकरा मिळविणाऱ्या रसेलचें नांव निघतांच हेच लोक म्हणतात कीं, तेव्हां संघच मोजके होते. होते खरे, तो आला तेव्हां आठ होते, गेला तेव्हां चौदा. परंतु आठच संघ याचा अर्थ आठांतही जागा न मिळालेले गुणी लोक बाहेर, आणि चेंबरलेनसारख्याशीं गांठ वर्षांत एकदोनदां न पडतां पुनःपुन्हां पडणार.

बाहेर राहिलेल्यांची गोष्ट निघालीच आहे तर ती टाळून चालणार नाहीं. १९५० पर्यंत या संघांचीं दारें काळ्या वर्णाच्या खेळाडूंस बंद होतीं. न्यूयॉर्क रेनेसान्स या कृष्णवर्णीयांच्या संघानें १९३९ मध्यें शिकागो येथील व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा जिंकली; १९४८ च्या फेब्रुवारींत हार्लेम ग्लोबट्रॉटर्स यांनीं मायकनच्याच संघास ६१ विरुद्ध ५९ असें हरविलें. ‘सर्वकालीन’ म्हणून मिरविणाऱ्या कोणत्याही यादींत यांच्यांतील किती नांवें आढळतात, हें वाचकांनीं स्वतःच पाहावें.

आम्हांस विचाराल तर आम्ही रसेलचें नांव घेऊं. तो टोपलीकडे निघालेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. हलकेच अडवून आपल्या सोबत्याच्या हातीं जाईल असा वळवी, आणि प्रतिपक्षाच्या हल्ल्यांतूनच आपल्या संघाची चढाई सुरू होई. शेवटचीं दोन अजिंक्यपदें त्यानें खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्यानें मिळविलीं. जॉर्डनवाले वा जेम्सवाले यांस हें पटणार नाहीं. त्यांचा पुरावा आम्ही आनंदानें ऐकूं. मात्र अडविलेल्या चेंडूंची नोंद अधिकृतपणें १९७३-७४ पासून होऊं लागली आणि रसेल १९६९ मध्यें निवृत्त झाला. त्यानें किती चेंडू अडविले याची वही कोणीं ठेविलीच नाहीं. तागडीवाल्यांनीं ते आधीं मोजून आणावे, मग आमच्यापुढें पारडीं मांडावीं.