सोसणं पुरे झालं!

‘सकाळी उठवत नाही, बोटं आखडतात, गुडघे धरलेत.’ महाराष्ट्रात क्वचितच असं घर असेल जिथे हे कुणीतरी म्हणत नाही. आणि ऐकणारा बहुतेक वेळा एवढंच म्हणतो, ‘वाताचं आहे, चालायचंच.’ या ‘चालायचंच’ने आपल्याकडच्या किती बायका तिशी-चाळिशीतच वाकल्या! बाई जितकं मुकाट्याने सोसते तितकी ती थोर, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. तिच्या सहनशीलतेचे गोडवे गायले आणि तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाठ फिरवली. हे कौतुक आता बंद करू या.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण आपल्याला ठाऊक आहे ते मासळीमुळे आणि उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. त्याच गावात 1996 साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी घरोघर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ पद्धतीने त्यांनी दारोदार विचारलं, कुठे दुखतं, किती दिवस दुखतं, कोणतं काम अडतं. सांधे आणि स्नायूंचं दुखणं हेच गावातलं मोठं दुखणं निघालं. मला या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की, ही माणसं रुग्णाची वाट पाहत दवाखान्यात बसली नाहीत, त्याच्या उंबरठ्यावर गेली. भाकऱ्या टाकून, धुणं आटोपून शेतावर जाणारी बाई आपले सांधे दाखवायला तालुक्याला जाईल कधी? तिचं नाव कुठल्याच रजिस्टरात चढत नाही आणि सरकारला वाटतं, दुखणंच नाही.

संधिवात हा एकच आजार नव्हे. उतारवयात गुडघ्यातली कूर्चा झिजते, तो एक प्रकार. रोहयोच्या कामावर, ऊसतोडीत, भातलावणीत ज्यांची आयुष्यं गेली त्यांना तो चांगला ओळखीचा. आमवात मात्र वेगळा. त्यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि ती सूज कूर्चा आणि हाड खात जाते. प्रौढांत साधारण दोनशे माणसांमागे एकाला हा आजार होतो. म्हणजे दोन लाख प्रौढांच्या तालुक्यात हजारभर माणसं! पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायका, आणि त्यातल्या अनेक ऐन कर्त्या वयातल्या. सांधे सुजवणारा असा आजार लहान मुलांनाही होतो. सकाळी लंगडणाऱ्या मुलाला ‘शाळा चुकवतोय’ म्हणून रागावण्याआधी त्याचा गुडघा हाताने चाचपून पाहा. पंचविशीच्या तरुणाची कंबर पहाटे आखडत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर तोही संधिवात असू शकतो, तपासून घ्या. 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले होते, हे आपण विसरलो?

आमवात ओळखायचा कसा? सकाळी अर्धा तास उलटला तरी सांधे मोकळे होत नाहीत, बोटांच्या मुळाशी किंवा मनगटावर सूज आहे, कुणी हात दाबला की कळ जाते, आणि हे काही आठवडे चाललंय. एवढं असेल तर थांबू नका. रक्ताचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून आजार नाही असंही समजू नका. सुरुवातीला अनेकांचा तो तसाच येतो. पहिले काही महिने सोन्यासारखे असतात. एकदा हाड खाल्लं गेलं की कुठलंच औषध ते परत आणत नाही.

आणि औषध आहे! मेथोट्रेक्झेट जुनं, स्वस्त आणि परिणामकारक आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. ठरलेल्या मुदतीने रक्ततपासणी करावी, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. जत्रेत, बाजारात, कुणाच्या तरी सांगण्यावरून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र चार हात दूर राहा. त्यांतल्या अनेकींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत उड्या मारायला लावणारी पुडी वर्षभरात हाडं ठिसूळ करते, साखर वाढवते, चेहरा सुजवते. तशीच ती पथ्यांची लांबलचक यादी. दही बंद, डाळ बंद, वांगं बंद! आमवात दही-डाळीने होत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या ताटातला उरलासुरला कस त्या यादीने काढून घेतला जातो.

घरातल्या पुरुषांनो, आता तुम्हाला सांगायचं आहे. कणीक मळणं, धुणं पिळणं, पाण्याची कळशी उचलणं ही कामं सुजलेल्या मनगटाला मारतात. ती तुम्ही करा. आज हात चालतोय आणि काल चालत नव्हता, हे या आजारात नेहमीचं आहे, म्हणून तिला ‘सोंग करते’ म्हणू नका. थकवा हा आजाराचाच भाग आहे. नळाला फिरवायच्या चावीऐवजी दांडीची तोटी बसवा, संडासात धरायला कडी आणि बसायला खुर्ची ठेवा. व्यायाम बंद पडू देऊ नका. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं यांनी खरोखर फरक पडतो.

पण सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. 2010 मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात होते, सांधे नव्हते. 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली, ते उत्तमच झालं, पण ती मदत गुडघा संपल्यानंतरची. गुडघा वाचवायचं काय? एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर 2022 पासून प्रवासच मोफत आहे. पण त्या गाडीची पहिली पायरी इतकी उंच की, सवलतीचा हक्क असलेली माणसं दांड्याला लोंबकळून वर चढतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाड-स्नायूंच्या विकारामुळे येणारं चलनवलनाचं अपंगत्व येतं, आणि ते 40 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर कायद्यातल्या खास सवलतींचा हक्क मिळतो. किती आमवाती बायकांना हे कुणी सांगितलं?

तेव्हा बचत गटांनो, तरुण मंडळांनो, हे काम तुमचं आहे. 12 ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन. त्याच्या आधी येणाऱ्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा: आशाताईंनी घरोघर सकाळच्या आखडण्याबद्दल आणि सुजेबद्दल विचारावं, सापडलेल्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जावी, जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी सांध्यांची तपासणी व्हावी आणि मेथोट्रेक्झेट तिथे कायम मिळावं. ठरावाची नक्कल आमदारांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा, पोच घ्या, महिन्याने जाऊन विचारा. ज्यांना सभेपर्यंत चालवत नाही त्यांना गाडीवर बसवून आणा आणि पहिलं त्यांना बोलू द्या.