लेन्सला म्हणे थंडी बाधली!

डिसेंबर-जानेवारीत पवना धरणाकाठी तंबूत राहून आलेल्या मंडळींचं ठरलेलं रडगाणं : "लेन्सला थंडी बाधली." लेन्स म्हणजे काय तान्हं बाळ आहे? बहुतेक डीएसएलआरच्या मॅन्युअलमध्ये ० ते ४० अंश छापलेलं असतं. मावळात कुठे बर्फ पडतो, राव?

खरा गुन्हेगार ओलावा. रात्रभर ट्रायपॉडवर गारठलेली लेन्स चौघांच्या श्वासांनी दमट झालेल्या तंबूत आणली, की काचेवर पाणी धरणारच. फ्रीजमधल्या बाटलीवर धरतं तसं. पावसाळ्यात तेच, गाडीच्या एसीतून थेट टायगर पॉइंटच्या धुक्यात उतरलात की. मग फोटो धूसर, ऑटोफोकस मागेपुढे भटकतोय, आणि दुकानदार न उघडताच सांगतो, "मोटर गेली, साहेब." आपण मान डोलावून पैसे मोजतो!

दिवसभर बग शोधणारी माणसं ना आपण? सर्व्हर अडला तर आधी लॉग बघतो, की थेट हार्डवेअर बदलतो? इथेही दुसरी लेन्स लावून बघा. तीही अडली, तर दोष बॉडीत किंवा गारठ्याने मंदावलेल्या बॅटरीत. कॉन्टॅक्ट कोरड्या कापडाने पुसा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबा तर नकोच (पीठ झूम रिंगमध्ये जातं). हवाबंद डबा, सिलिका जेल, दोन दिवस. त्यानंतरही आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, मग खुशाल दुकान गाठा.

आणि पुढच्या वेळी तंबूबाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. गारठा उतरेपर्यंत उघडू नका.