उपग्रह जागा दाखवितो, मालक नव्हे

१ मे २००० रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. लष्करी उपग्रहांवरून येणाऱ्या जीपीएस संकेतांमध्ये नागरी वापरकर्त्यांसाठी जी चूक हेतुपुरस्सर मिसळली जात असे, ती त्याच मध्यरात्री थांबली. तोपर्यंत सामान्य माणसाच्या हातातील यंत्र त्याची जागा सुमारे शंभर मीटर इकडेतिकडे दाखवीत असे. आता हे अंतर दहा-वीस मीटरवर आले. नौकानयन, वाहतूक, मोजणी अशा व्यवसायांना या निर्णयाचा लाभ होणार, हे अपेक्षितच होते. त्यातून एक जगद्व्यापी खेळ जन्माला येईल, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर या संगणक सल्लागाराने काळ्या रंगाची एक प्लास्टिकची बादली रानात ठेवली. तिच्यात पुस्तके, व्हिडिओ फिती, संगणकाचे सॉफ्टवेअर, एक बेचकी आणि घेवड्याचा हवाबंद डबा अशा वस्तू होत्या. बादलीच्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांच्या आत दोघांनी ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या उद्योगाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचविले आणि सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपविलेले आहेत.

खेळाचे स्वरूप साधे आहे. लपविणारा डबा ठेवतो आणि जागेचे आकडे जाहीर करतो. शोधणारा तेथे पोहोचतो, डब्यातील वहीत नाव व तारीख लिहितो, आवडल्यास एखादी वस्तू उचलून तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवतो आणि डबा होता तसा परत लपवितो. ना बक्षीस, ना पंच. मात्र या साधेपणात एक प्रश्न दडलेला होता आणि तो पहिल्या बादलीपासूनच उपस्थित झाला होता. उपग्रह जागा अचूक सांगतो. ती जागा कोणाची, हे तो सांगत नाही.

पहिली बादली आज नामंजूर झाली असती

अल्मर यांची बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि तिच्यात खाद्यपदार्थ होता. आजच्या नियमांनुसार या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. मालकाच्या स्पष्ट परवानगीविना जमीन खणून डबा पुरता येत नाही, कारण एकाने खणले की शोधणारे दहाजण आजूबाजूची जमीन उकरतात. खाद्यपदार्थ ठेवता येत नाहीत, कारण वासाने जनावरे येतात आणि डबा फोडतात. ज्या खेळाचा आरंभबिंदूच आज त्याच्या स्वतःच्या नियमांत बसत नाही, त्या खेळाची आचारसंहिता एका रात्रीत लिहिली गेलेली नाही. प्रत्येक नियमामागे कोठेतरी झालेली चूक आहे.

ही संहिता थोडक्यात अशी: झाडात खिळे वा स्क्रू मारायचे नाहीत. शस्त्रे, दारू, तंबाखू, अमली पदार्थ ठेवायचे नाहीत. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर राखायचे. शाळा, विमानतळ, धरणे, लष्करी ठिकाणे, रेल्वेमार्ग आणि महामार्गावरील पूल यांच्या आसपास डबा लपवायचा नाही. सहलीला गेलेल्या परगावी डबा ठेवून निघून जायचे नाही, कारण त्याची देखभाल करणार कोण? वही भिजली, झाकण तुटले, डबा नाहीसा झाला, तर तेथे जाऊन पाहण्याची जबाबदारी लपविणाऱ्याचीच असते. ज्याकडे कोणी पाहत नाही तो डबा खजिना राहत नाही. तो निव्वळ कचरा होतो.

या सर्व नियमांच्या मुळाशी असलेला नियम म्हणजे परवानगी. डबा ठेवण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची किंवा ती सांभाळणाऱ्या यंत्रणेची संमती घेतली पाहिजे. नवा डबा प्रसिद्ध होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक त्याची नोंद तपासतात, पण ते नकाशा पाहतात, प्रत्यक्ष जागा नव्हे. संमती घेतली आहे, हे लपविणाऱ्याच्या शब्दावरच मानावे लागते. म्हणजे सारी व्यवस्था एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी आहे.

सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे

खाजगी शेतात वा बागेत विचारल्याविना शिरू नये, हे कोणालाही पटते. घोळ होतो तो सार्वजनिक जागांबाबत. जी जागा सर्वांची, तेथे विचारायचे कोणाला, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी त्याला आरंभीच उत्तर दिले. तेथील नियमांनुसार उद्यानात चोवीस तासांहून अधिक काळ वस्तू सोडून जाता येत नाही. डबा कितीही निरुपद्रवी असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती सोडून दिलेली मालमत्ता. उद्यानांचा आक्षेप केवळ तांत्रिक नव्हता. अक्षांश-रेखांशांच्या मागे जाणारा माणूस पायवाट सोडून सरळ रेषेत चालतो. असे पन्नासजण गेले की गवत तुडवून नवी वाट तयार होते आणि पहिल्या पावसात तिची घळ होते.

या पेचातून निघालेला मार्ग उल्लेखनीय आहे. २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या पुढाकाराने ‘अर्थकॅश’ हा प्रकार सुरू झाला. त्यात डबाच नसतो. आकडे एखाद्या भूवैज्ञानिक स्थळाकडे नेतात. तेथे खडकाचा थर, पाण्याने घडविलेला आकार वा भेग पाहून काही प्रश्नांची उत्तरे द्यायची, एवढेच. मागे काहीही ठेवायचे नाही आणि पुढे काहीही न्यायचे नाही. तरीही जमीन सांभाळणाऱ्या यंत्रणेची संमती येथेही अपेक्षित आहे, कारण माणसांची ये-जा हाही जागेवरचा भारच असतो.

जेथे खेळाडूंनी स्वतःहून मर्यादा पाळल्या नाहीत, तेथे कायदेमंडळांचे लक्ष वेधले गेले. साउथ कॅरोलायना राज्याच्या प्रतिनिधीगृहाने २००५ मध्ये दफनभूमी आणि पुरातत्त्वीय स्थळांवर परवानगीविना जिओकॅशिंग करण्यास बंदी घालणारे विधेयक संमत केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही, पण त्याने दिलेला इशारा स्पष्ट होता. ज्यांचे पूर्वज एखाद्या भूमीत विसावले आहेत, त्यांना त्यांच्या थडग्यांआड चाललेली शोधाशोध खेळ वाटत नाही.

डार्टमूर ते वेदरबी

ब्रिटनला हा अनुभव नवा नव्हता. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ पासून ‘लेटरबॉक्सिंग’ नावाचा असाच छंद रुजलेला आहे. निर्जन जागी ठेवलेली पेटी शोधायची आणि आतील शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, हे त्याचे स्वरूप. पेट्यांची संख्या वाढली, तेव्हा तेथेही आचारसंहिता आली: प्राचीन शिळावर्तुळे, दगडांच्या राशी, भिंती आणि भग्नावशेष यांत पेटी ठेवायची नाही, धोक्याच्या जागी ठेवायची नाही, सिमेंट लावून ती पक्की करायची नाही. उपग्रह येण्यापूर्वीच माणसांना एवढे कळले होते की शोधणारा हात भिंतीतील प्रत्येक दगड हलवून पाहतो.

शहरांत धोका वेगळा. जुलै २०११ मध्ये यॉर्कशरमधील वेदरबी या गावात एका कॅफेबाहेर कोणीतरी डब्याशी संशयास्पद रीतीने काही करीत असल्याचे पाहून पोलिसांना कळविण्यात आले. गावाचा मध्यभाग मोकळा करण्यात आला, लष्कराचे बॉम्बनाशक पथक आले आणि तो डबा स्फोटाने उडविण्यात आला. तो जिओकॅश होता. हेतू वाईट नव्हता, पण दुकाने बंद पडली, रस्ते अडले आणि भीती पसरली, ती खरीच होती. लष्कराच्या वापरातून निघालेल्या दारूगोळ्याच्या पत्र्याच्या पेट्या मजबूत व जलरोधक म्हणून या खेळात लोकप्रिय आहेत, हे लक्षात घेतले तर अशा घटनांचे नवल वाटत नाही. डबा पारदर्शक असावा, त्यावर खेळाचे नाव ठळक लिहावे, जागेच्या व्यवस्थापकाला त्याची माहिती असावी, एवढे केले तर एका दूरध्वनीवर प्रकरण मिटते.

लपविणाऱ्याची जबाबदारी याहूनही गंभीर असू शकते. जून २०१८ मध्ये प्राग शहरात भूमिगत जलमार्गात शोध घेत असलेले चौघेजण वादळी पावसाच्या लोंढ्यात सापडले. त्यातील दोघांचा मृत्यू झाला. शोधणारा आपल्या जोखमीवर उतरतो, हे खरे. पण लपविणारा जेव्हा एखादी जागा जाहीर करतो, तेव्हा तो अनोळखी लोकांना तेथे निमंत्रण देत असतो. कोणत्या ऋतूत तेथे जाऊ नये, कोठे पाय घसरतो, पाणी कधी चढते, हे सांगणे हा त्या निमंत्रणाचाच भाग आहे.

विचारले की नकारच?

परवानगीच्या नियमावर खेळाडूंचा एक आक्षेप आहे आणि तो डावलण्यासारखा नाही. अधिकाऱ्याला विचारले की तो ‘नाही’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हणण्यात त्याला धोका नसतो. परिणामी न विचारता ठेवलेले डबे टिकतात आणि विचारणारा हात हलवीत परततो. प्रामाणिकपणालाच शिक्षा व्हावी, अशी ही अवस्था आहे.

मात्र गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव निराशाजनक नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांनी आपल्या उद्यानांत डबा ठेवण्यासाठी परवाना पद्धत सुरू केली. टेक्सासच्या उद्यान विभागाने तर पर्यटक वाढविण्यासाठी या खेळाचा स्वतःहून उपयोग केला. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेने जमीनमालकांशी करार करून त्यांची यादी ठेवली, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा पुन्हा तेच दार ठोठवावे लागू नये. ‘डबा ठेवा, कचरा उचला’ अशा स्वरूपाच्या स्वच्छता मोहिमा २००२ पासून चालत आल्या आहेत आणि अनेक ठिकाणी उद्यानरक्षकांचे मत त्यांनीच बदलले. होकार मिळाला तो एकट्यादुकट्याच्या विनंतीला नव्हे, तर संघटित आणि उत्तरदायी वर्तनाला.

ज्यांनी हा मार्ग टाळला त्यांचे काय होते, हे २०१६ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन गो’ने दाखविले. त्यातील खजिना तर निव्वळ पडद्यावरचा होता. तरीही लोकांच्या अंगणांत खेळाडूंची गर्दी झाली, वॉशिंग्टनमधील होलोकॉस्ट संग्रहालयाला येथे खेळू नका, असे सांगावे लागले आणि घरमालक न्यायालयात गेले. डबा नसला तरी जागेचा प्रश्न सुटत नाही, हा त्याचा धडा.

सह्याद्रीच्या संदर्भात

महाराष्ट्रात हा खेळ अद्याप तुरळक आहे. परंतु दर शनिवार-रविवारी गडांवर जाणारा तरुण वर्ग आणि प्रत्येकाच्या खिशातील जीपीएस असलेला मोबाइल पाहता तो वाढणे अशक्य नाही. तेव्हा दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्या लागतील. पहिली, शहरांविषयी. ११ जुलै २००६ चे मुंबईतील लोकलमधील स्फोट आणि १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीने घेतलेले बळी ज्या नागरिकांच्या स्मरणात आहेत, त्यांच्या बागेत वा बसथांब्यावर अनोळखी डबा ठेवणे ही गंमत ठरू शकत नाही.

दुसरी, गडांविषयी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यातील अकरा महाराष्ट्रात आहेत. तटबंदीची फट ही डबा लपविण्याची सर्वांत मोहक जागा आणि नेमकी तीच सर्वांत निषिद्ध असली पाहिजे. संरक्षित स्मारकाला इजा पोहोचविणे हा केंद्राच्या १९५८ च्या आणि राज्याच्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अभयारण्यात प्रवेशालाच वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. एखाद्या गडाचा माथा पुरातत्त्व खात्याकडे, उतार वनखात्याकडे, वाटेवरील माळ गावकऱ्यांचा आणि मंदिर देवस्थानाचे, असे आपल्याकडे सर्रास असते. त्यामुळे ‘कोणाला विचारायचे’ हा प्रश्न येथे अधिक अवघड आहे. पण अवघड आहे म्हणून तो टळत नाही. अशा ठिकाणी डब्याविनाचा प्रकारच अधिक शहाणपणाचा. निघोजचे रांजणखळगे किंवा लोणारचे विवर पाहायला येणाऱ्याला प्लास्टिकच्या डब्याची गरज ती काय?

हा खेळ अनोळखी माणसांनी एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासावर चालतो. डबा कोणी चोरणार नाही, वही कोणी फाडणार नाही, असे लपविणारा गृहीत धरतो. तोच विश्वास त्याने जमिनीच्या मालकालाही द्यायला हवा आणि तो देण्याची रीत एकच आहे: डबा ठेवण्याआधी त्याच्या दाराशी जाणे. तेथे नकार मिळाला, तर तो मान्य करून परत फिरणे हाही खेळाचाच नियम आहे.